मधलं अंतर



मी याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी. आज कार्यक्रमाच्या मांडवात पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा आठवली ती वसतिगृहाची खोली. दोन खाटा आणि मध्ये जेमतेम तीन फुटांची मोकळी जागा. मी दुसऱ्या वर्षाला होतो. पलीकडच्या खाटेवर माझा मित्र, अभ्यासात हुशार आणि कबड्डीत चपळ. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून आला तो गप्पगप्पच. पहाटे तीनला डोळे उघडे. मैदानाकडे फिरकेना. गावाहून एस.टी.नं येणारा त्याचा डबा न उघडता परत जायला लागला. तीन आठवडे मी हे पाहत होतो. शेवटी एका सकाळी वैतागून म्हणालो, "पुरे कर आता ही नाटकं." तो काहीच बोलला नाही. चार दिवसांनी त्याचे वडील आले आणि त्याला घेऊन गेले.

त्याला नैराश्याचा आजार झाला होता. उपचार मिळाले, तो बरा झाला, वर्षभरानं परतून त्यानं पदवीही घेतली. माझ्यावर कधी राग धरला नाही. मी पुढे मानसोपचारतज्ज्ञ झालो, त्यामागे ते तीन फूट आहेत. तेवढं अंतर मला ओलांडता आलं नव्हतं. आज मला त्या अंतराबद्दलच बोलायचं आहे.

असं एक अंतर आपल्या मेंदूतही असतं. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या बहुतेक ठिकाणी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींच्या मध्ये एक फट असते, मिलिमीटरच्या साधारण पन्नास हजाराव्या भागाएवढी. निरोप ही फट ओलांडतो कसा? ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ऑटो लोवी या शास्त्रज्ञानं १९२१ मध्ये त्याचा छडा लावला. प्रयोगाची कल्पना त्यांना झोपेत सुचली. मध्यरात्री उठून कागदावर खरडली, पण सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच सुचलं, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाचं धडधडतं हृदय क्षारांच्या द्रावणात ठेवून त्याची नस उत्तेजित केली, तशी त्याची गती मंदावली. मग ते द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं. त्याची नस कुणी उत्तेजित केली नव्हती, तरी तेही मंदावलं. म्हणजे निरोप नेणारं रसायन त्या द्रावणात उतरलं होतं. १९३६ मध्ये लोवींना नोबेल पुरस्कार मिळाला. मेंदूतही सेरोटोनिन, डोपामिन, नॉरअॅड्रेनॅलिन अशी रसायनं निरोपांची ने-आण करतात.

नैराश्याला आपण हसत हसत 'केमिकल लोचा' म्हणतो, ते अर्धंच खरं आहे. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या सेरोटोनिनच्या कामावर काही तासांतच परिणाम करतात. माणसाला बरं वाटायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. टाकीत कमी पडलेलं पाणी भरलं, इतका हा सरळ हिशेब नाही. दरम्यान मेंदू आपली घडी हळूहळू नव्यानं बसवत असतो. म्हणून कळकळीनं सांगतो, आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून गोळ्या सोडू नका आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंदही करू नका. आनुवंशिकता, घरातले ताण, पैशांची ओढाताण, एखादा आघात, यांतलं बरंच काही मिळून हा आजार घडतो. त्यात आजारी मुलाचा दोष नसतो आणि त्याच्या आईच्या संस्कारांचाही नसतो.

औषधाबरोबर दुसरा उपचार असतो बोलण्याचा. अल्बर्ट एलिस नावाच्या तरुणाला चारचौघांत बोलायची विलक्षण धास्ती होती. एकोणिसाव्या वर्षी त्यानं ठरवून, घाम फुटत असतानाही, पुन्हा पुन्हा भाषणं केली. भीती ओसरली. याच एलिसनी १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटना घडते, तिच्याबद्दल आपण मनाशी काहीतरी म्हणतो आणि त्या म्हणण्यातून बरंचसं दुःख येतं, असं त्यांचं सांगणं. आपल्या मराठीत तर ते एका अक्षरात पकडता येतं. "मला चांगले गुण मिळावेत" ही इच्छा झाली. "मला चांगले गुण मिळाले'च' पाहिजेत" म्हटलं की तो 'च' गळ्याभोवती आवळायला लागतो. गुण हुकले की उदास वाटणं साहजिक आहे. 'च' हुकला की मात्र "मी नालायक आहे" इथवर माणूस घसरतो. समुपदेशक तो 'च' तुम्हाला दाखवतो आणि सोडवायला शिकवतो. हे शहाणपणाचे चार शब्द नव्हेत, त्याचा गृहपाठ असतो, सराव असतो.

झोप, व्यायाम, वेळेवर जेवण, उशापासून दूर ठेवलेला मोबाइल, हे रोज सांभाळा. सात-आठ तासांची झोप अभ्यासाची वैरीण नाही, दिवसभर वाचलेलं झोपेत पक्कं होतं. पण आजार झाल्यावर एवढंच पुरत नाही. पाय मोडलेल्या माणसाला कुणी "पळ, बरं वाटेल" म्हणत नाही. उदासी, कशातच गोडी नसणं, झोप-भूक बिघडणं सलग दोन आठवडे चाललं, तर डॉक्टरांकडे जायचं.

इथेच सगळ्यांत मोठं अंतर आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मनाचा आजार आढळला आणि वेगवेगळ्या आजारांत ७० टक्क्यांपासून पुढे लोक उपचारांपर्यंत पोचलेच नव्हते. माझ्याकडे येणारे कितीतरी जण अंगारा, उतारा, नवस सगळं करून येतात. मी त्यांना कधी रागावत नाही. आईबापांनी जीव तोडून वाट शोधलेली असते. त्यांना योग्य दार कुणी दाखवलेलं नसतं, एवढंच. पालकहो, ते दार जवळ आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेली मानस' सेवा सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवा. दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही कुणीतरी ऐकायला बसलेलं असतं.

मित्रांनो, कुणी "जगण्यात अर्थ नाही" म्हणालं, तर विषय बदलू नका. "जीव द्यायचा विचार येतो का?" असं स्पष्ट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोंडलेलं बाहेर पडतं. त्याला एकटं सोडू नका, शिक्षकांना, घरच्यांना कळवा. त्यानं "कुणाला सांगू नकोस" अशी शपथ घातली असली, तरी ती मोडा.

आता बक्षिसं वाटली जातील, नाच-गाणी होतील. मनापासून आनंद घ्या. फक्त एकदा आजूबाजूला पाहा, आपल्यातलं कोण आज आलेलं नाही? गेल्या वर्षी याच रंगमंचावर होतं आणि या वर्षी तालमीलाही फिरकलं नाही, असं कोण? कार्यक्रम संपल्यावर त्याच्या खोलीवर जा. जेवण घेऊन जा. "काय होतंय तुला?" एवढंच विचारा आणि उत्तराची घाई न करता शेजारी बसा. समोरच्या खाटेवर नको, त्याच्याच खाटेवर बसा.