विधिमंडळाचा वर्धापनोत्सव : सभागृहातील आणि सभागृहाबाहेरील



महाराष्ट्र विधिमंडळाचा जन्मदिवस कोणता, या साध्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. १८६१ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या मुंबईच्या विधान परिषदेची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये भरली. त्या परिषदेत सरकारने नेमलेले मोजके हिंदी सभासद होते, त्यांत नाना शंकरशेट हे एक. पुढे १९१९ च्या सुधारणा कायद्यामुळे निवडून आलेल्या सभासदांचे बहुमत असलेली परिषद १९२१ मध्ये कामास लागली. १९३५ च्या कायद्याने विधानसभा आणि विधान परिषद अशी दोन सभागृहे निर्माण झाली व विधानसभेची पहिली बैठक १९ जुलै १९३७ रोजी पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये झाली. आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेबरोबर आजचे विधिमंडळ अस्तित्वात आले. चार तारखा, चार आरंभ. त्यामुळे कधी शतक महोत्सव, कधी अमृत महोत्सव असे सोहळे निरनिराळ्या वर्षांपासून मोजले जातात, यात नवल नाही.

यांपैकी अगदी अलीकडचा मोठा सोहळा म्हणजे विधान परिषदेचा शतक महोत्सव. ३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईच्या विधान भवनात राष्ट्रपती श्रीमती द्रौपदी मुर्मू यांच्या उपस्थितीत तो साजरा झाला. उत्कृष्ट संसदपटूंचा त्यांच्या हस्ते गौरव झाला. वरिष्ठ सभागृहाच्या इतिहासाला साजेसाच तो समारंभ होता. तथापि अशा समारंभाची एक मर्यादा असते. निमंत्रितांच्या खुर्च्या भरल्या, भाषणे झाली, की सायंकाळपर्यंत सभागृह रिकामे होते. ज्यांच्यासाठी कायदे झाले ती माणसे त्या दिवशी शेतात, कारखान्यात, शाळेत किंवा पाणवठ्यावर असतात. मग विधिमंडळाचा वर्धापनदिन त्यांच्यापर्यंत पोचावा कसा?

या प्रश्नाचा विचार करताना एक जुना ठराव आठवल्यावाचून राहत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधान परिषदेत मांडलेला ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालविल्या जाणाऱ्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना खुले असावेत, अशी शिफारस त्यात होती. ठराव आणि अधिनियम यांतील भेद पंचायत सदस्यांना सांगावयास नको. अधिनियम बंधनकारक असतो, तर ठराव ही सरकारला केलेली शिफारस असते. तरीही सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खात्यांना त्याप्रमाणे आदेश दिले. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला.

कागद पूर्ण झाला. तळ्यावर मात्र काहीच बदलले नाही. तीन वर्षे कोणी त्या पाण्याला हात लावू शकला नाही, कारण नगरपालिकेचा ठराव होता तो दप्तरात, आणि काठावर होती ती जुनी दहशत. बोले यांनाही हे दिसत होते. म्हणूनच १९२६ मध्ये त्यांनी दुसरा ठराव आणला आणि जी नगरपालिका किंवा लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांचे अनुदान रोखावे, असे सुचविले. शिफारशीला अनुदानाचा लगाम जोडण्याची ही युक्ती प्रशासनातील जाणकारांना आजही ओळखीची वाटेल.

१९२७ च्या आरंभी डॉ. बाबासाहेब आंबेडकर नियुक्त सदस्य म्हणून त्याच विधान परिषदेत दाखल झाले आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या परिषदेला जमलेल्या हजारो लोकांसह त्यांनी चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले. सभागृहाने जे मान्य केले होते आणि नगरपालिकेने जे जाहीर केले होते, तेवढेच त्या दिवशी प्रत्यक्षात आणले गेले. याहून अधिक काही मागितलेले नव्हते. त्याचे उत्तर मिळाले ते परतणाऱ्या प्रतिनिधींना झालेल्या मारहाणीचे, आणि त्यानंतर झालेल्या तळ्याच्या 'शुद्धी'चे. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. परिषदेतील मूळ ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. या वर्धापनदिनाचे कोणी फलक लावले नसतील, हे उघड आहे.

प्रकरण न्यायालयात गेले. डिसेंबरात मनाईहुकूम निघाला, दावा वर्षानुवर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निर्णय दिला. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये नव्या विधानसभेची पहिली बैठक भरली आणि त्या सभागृहात डॉ. आंबेडकर निवडून आलेले सदस्य म्हणून बसले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी कोकणातील खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते विधेयक तेव्हा कायद्यात उतरले नाही. खोती नष्ट करणारा अधिनियम व्हायला १९४९ साल उजाडले. सभागृहाच्या इतिहासात संमत झालेल्या विधेयकांची यादी असते. मागे पडलेल्या विधेयकांचीही यादी शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, कारण कायद्याची खरी वाटचाल पुष्कळदा तीतूनच समजते.

याच्या उलट दिशेने झालेला प्रवासही महाराष्ट्राने पाहिला आहे. रोजगार हमी योजनेची कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. ते सांगली जिल्ह्यातील विसापूरचे. तासगाव तालुक्यात ती प्रथम प्रायोगिक स्वरूपात राबविली गेली. १९७२ च्या दुष्काळात तिचे मोल साऱ्या राज्याला कळले. पुढे विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ संमत केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्याकडून घेतल्या जाणाऱ्या व्यवसाय कराचा पैसा खडी फोडणाऱ्या हातांपर्यंत नेणारी ही व्यवस्था होती. २००५ मध्ये संसदेने केलेल्या राष्ट्रीय कायद्यापूर्वी एका राज्याने असा हक्क कायद्याने दिला होता. तालुक्यात सुचलेली गोष्ट सभागृहात जाऊन कायदा झाली, हे तालुक्याने विसरता कामा नये.

आणखी एक बाब सहसा ध्यानात येत नाही. सभागृहात प्रश्नोत्तराच्या तासाला मंत्री एखाद्या गावच्या बंद पडलेल्या दवाखान्याविषयी किंवा पाणीपुरवठ्याविषयी उत्तर देतात, तेव्हा ते उत्तर मुंबईत किंवा नागपुरात तयार झालेले नसते. तारांकित प्रश्न स्वीकृत झाला की मंत्रालयातून जिल्ह्याकडे, जिल्ह्यातून तालुक्याकडे आणि तेथून ग्रामपंचायतीकडे किंवा तलाठी सजाकडे माहितीची मागणी जाते. कोणीतरी कर्मचारी दप्तर उघडून विहिरीची खोली, नळजोडण्यांची संख्या, काम थांबल्याचे कारण लिहून पाठवितो. सभागृहापुढे गेलेले उत्तर खरे की अर्धवट, हे पुष्कळदा त्या टेबलावर ठरते. अधिवेशनाच्या दिवसांत 'तातडीचे' असा शेरा असलेला लखोटा आला की कपाळाला आठ्या पडतात, हे खरे. पण त्या लखोट्यातून सभागृहच तालुक्याच्या दारी आलेले असते.

म्हणून वर्धापनोत्सवाचे कार्यक्रम ठरविताना कमानी आणि सत्कार थोडे आवरले तरी चालतील. शाळांतून अभिरूप विधिमंडळ भरविले जाते. ते अवश्य भरवावे. मात्र विद्यार्थ्यांच्या तोंडी मोठ्यांनी लिहून दिलेली लुटुपुटीची भाषणे घालण्यापेक्षा सभागृहाच्या कामकाजाच्या छापील वृत्तातील एखादी खरी चर्चा निवडून त्यांना वाचावयास द्यावी. विरोधातील भाषणेही वगळू नयेत. बोले यांच्या ठरावाला, खोती विधेयकाला कोणी कोणते आक्षेप घेतले, हे विद्यार्थ्यांना कळले म्हणजे मतभेद मांडण्याची रीतही कळते. अधिवेशनकाळी शाळेची सहल मुंबईस किंवा नागपुरास जाणार असेल, तर स्थानिक आमदारांकडून प्रेक्षक गॅलरीची प्रवेशपत्रे आधीच मिळवावीत. ऐनवेळी दारावर तिष्ठणारी मुले हे दृश्य उत्सवाला शोभत नाही.

ज्या गावांना सहल परवडत नाही त्यांच्यासाठी ४ ऑगस्ट ही तारीख आहे. त्या दिवशी शाळेत १९२३ च्या ठरावाचा आशय वाचून दाखवावा आणि वरच्या वर्गातील मुलांना गावातील प्रत्येक सार्वजनिक विहीर, टाकी, समाजमंदिर, दवाखाना व स्मशानभूमी यांची यादी करावयास सांगावी. कोणती जागा कोणाच्या पैशातून झाली, तेथे कोण येते, कोण येत नाही आणि का येत नाही, हे त्यांनी स्वतः विचारून लिहावे. त्यानंतर ११ दिवसांनी १५ ऑगस्ट येतो. त्या दिवशीच्या ग्रामसभेपुढे ही यादी मुलांनीच वाचावी, आणि सरपंचांनी दिलेले उत्तर ग्रामसभेच्या इतिवृत्तात शब्दशः नोंदविले जावे.