शेताभोवतीचा कोल्हा : ओळख, नुकसान आणि बंदोबस्त

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



पीक, खत आणि पाण्यावरचे बोलणे संपले की मेळाव्यात मागच्या रांगेतून एक प्रश्न हमखास येतो. "सर, कोल्ह्याला कोणते औषध घालावे?" प्रश्न विचारणाऱ्याचे २० गुंठे कलिंगड असते, दारात चार शेळ्या आणि पंधरा कोंबड्या असतात. त्याचे नुकसान खरे असते, म्हणून प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज त्याचेच सविस्तर उत्तर देणार आहे. ते देण्यापूर्वी घरची एक गोष्ट सांगतो.

मी शाळेत असताना आमच्याकडे ओढ्याच्या कडेला कलिंगडाचा प्लॉट होता. फळे तोडणीला आली आणि रोज सकाळी आठ-दहा फळे फोडलेली दिसू लागली. कोल्हाच असणार असे सगळ्यांनी ठरवले. वडिलांनी मेलेल्या कोंबडीत दाणेदार कीटकनाशक भरून ती बांधावर ठेवली. सकाळी आमचा मोत्या ओढ्यात मरून पडला होता. भावकीतल्या शेजाऱ्याची राखणीची कुत्रीही गेली. तीन-चार कावळे मेले. कोल्हा मात्र एकही मेला नाही आणि पुढच्या रात्री पुन्हा फळे फुटली. कुत्री गेल्यामुळे शेजाऱ्याचे आणि आमचे बोलणे दोन वर्षे बंद होते. फळे नक्की कोण खात होते, हे त्या हंगामात कोणी पाहिलेच नाही. वडील आजही म्हणतात, "आधी माग बघायला हवा होता."

त्यामुळे आपणही मागापासूनच सुरुवात करू.

नुकसान कोणी केले ते ओळखा

कोल्हा हा कुत्र्याच्या कुळातील प्राणी आहे. वजन साधारण ८ ते ११ किलो, रंग पिवळसर करडा, पाठीवर काळपट छटा आणि शेपटीचे टोक गडद असते. तो नर-मादीच्या जोडीने हद्द धरून राहतो. दिवसा उसाच्या फडात, ओढ्याच्या झुडपात किंवा बिळात विसावतो आणि दिवस मावळला की बाहेर पडतो. तिन्हीसांजेची कोल्हेकुई ही त्यांची एकमेकांना दिलेली हाळी असते. मादी सुमारे ६३ दिवस गाभण राहते आणि पिले बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडावर बिळात जन्मतात. म्हणजे कलिंगड आणि खरबूज पिकते, त्याच काळात त्याच्या घरी खाणारी तोंडे वाढलेली असतात.

संध्याकाळी प्लॉटच्या कडेने दोन हात रुंदीची पट्टी कुळवून मऊ माती सारखी करून ठेवावी. सकाळी उजाडताच माग पाहावेत.

१) कोल्हा : पाऊल लहान, सुमारे ५ सें.मी. लांब. मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूस एकमेकींना जोडलेल्या असतात. ही त्याची खास खूण आहे. कुत्र्याच्या मागात चारही बोटे सुटी उमटतात.

२) रानडुक्कर : दुभंगलेल्या खुराचा माग. जमीन उकरलेली आणि वेल उपटलेले दिसतात.

३) साळिंदर : काटे पडलेले सापडतात. फळावर रुंद दातांचे कुरतडलेले चर दिसतात.

४) खोकड : मांजरापेक्षा थोडी मोठी, झुपकेदार शेपटीची. हिचे खाणे किडे, उंदीर आणि बोरे. शेळीच्या वाटेला ती जात नाही. पुष्कळ वेळा कोल्हा समजून हिचाच जीव घेतला जातो.

५) मोकाट कुत्री : एका रात्रीत अनेक शेळ्या-कोंबड्या फाडून न खाता टाकलेल्या असतील, मागच्या पायांवर आणि अंगभर चावे असतील, तर संशय आधी कुत्र्यांवर घ्यावा. कोल्हा बहुधा एखादी कोंबडी किंवा लहान करडू उचलून नेतो. मोठी शेळी नेणारा प्राणी वेगळा असतो.

कोल्हा काय खातो?

'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी शेतात पाहूनच केली आहे. काकडी, कलिंगड, खरबूज, दुधाळ अवस्थेतील मका, भरलेल्या भुईमुगाच्या शेंगा, बोरे आणि गोडी धरलेला ऊस हे सारे त्याला चालते. परंतु त्याच्या खाण्याचा मोठा भाग उंदीर, घुशी, ससे, किडे आणि मेलेली जनावरे यांचा असतो. उंदीर उभ्या पिकाचे आणि साठवलेल्या धान्याचे किती नुकसान करतात, हे तुम्हाला सांगायला नको. वर्षाचे दहा-अकरा महिने कोल्हा आपल्या शिवारात फुकट उंदीर मारतो आणि एक-दोन महिने आपल्याकडून फळे वसूल करतो. हिशोब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे.

मारून संख्या कमी होते का?

उत्तर अमेरिकेत कोल्ह्याचा एक चुलतभाऊ आहे. त्याला कोयोट म्हणतात. मेंढ्यांचे नुकसान करतो म्हणून तेथे शंभराहून अधिक वर्षे बंदुका, सापळे आणि विष वापरून लाखो कोयोट मारले गेले. विषाने इतर प्राणी-पक्षीही मरू लागले, तेव्हा १९७२ मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी सरकारी जमिनींवर अशा विषप्रयोगास आळा घालणारा आदेश काढला. इतके मारूनही झाले काय? पूर्वी मुख्यतः पश्चिमेकडील माळरानांवर असणारा कोयोट आज जवळजवळ संपूर्ण अमेरिकेत पसरला आहे.

याचे कारण समजण्यासारखे आहे. हद्द धरून बसलेली जोडी मेली की ती जागा मोकळी होते आणि आजूबाजूची तरुण जनावरे तेथे शिरतात. उरलेल्यांना खाणे भरपूर मिळते, त्यामुळे जास्त पिले जगतात. म्हणून १९७० च्या दशकापासून तेथील अनेक मेंढपाळ राखणीचे कुत्रे, रात्रीचे बंदिस्त वाडे आणि विजेचे कुंपण यांकडे वळले. आपला कोल्हाही हद्द धरूनच राहतो. जोपर्यंत शिवारात खाणे उघडे आहे, तोपर्यंत मोकळी झालेली जागा दुसरा कोल्हा घेणारच.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार कोल्ह्याची शिकार करण्यास मनाई आहे. शिकार म्हणजे केवळ बंदूक नव्हे. विष घालणे, फासे लावणे, सापळ्यात पकडणे आणि तसा प्रयत्न करणे हे सारे शिकारीतच येते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्यानुसार कोल्हा पहिल्या अनुसूचीत आहे. गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. पिकाचे नुकसान हे कोल्हा मारण्याचे कारण म्हणून चालत नाही. 'कोल्ह्याचे शिंग' विकणाऱ्यांपासूनही दूर राहावे. कोल्ह्याला शिंग नसते. ती फसवणूक आहे आणि गुन्हाही आहे.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे कुंपणात घरगुती लाईनचा प्रवाह सोडणे. रात्री पाणी धरायला गेलेला शेतमालक, त्याचा गडी किंवा शेजारी अशा तारेला चिकटून मेल्याच्या घटना आपल्या राज्यात वारंवार घडल्या आहेत. कलिंगडाच्या एका तोड्यासाठी कोणाचे घर उघडे पडू देऊ नका. हे काम कोणत्याही परिस्थितीत करू नये.

बंदोबस्ताचे उपाय

१) खाणे बंद करा. गावाजवळ कोल्हे का वाढतात, याचे उत्तर बहुधा ओढ्यात सापडते. पोल्ट्रीतील मेलेल्या कोंबड्या, मटणाच्या दुकानातील टाकाऊ भाग आणि मेलेली जनावरे आपणच तेथे टाकतो. म्हणजे कोल्ह्याला वस्तीजवळ राहण्याची सवय आपणच लावतो. मेलेले पक्षी किमान एक मीटर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. शेळी व्याल्यावर वार उघड्यावर टाकू नये. फुटलेली, सडलेली फळे प्लॉटमध्ये किंवा बांधावर न ठेवता रोज उचलून पुरावीत. उंदरांसाठी विषारी आमिष वापरल्यास मेलेले उंदीरही गोळा करून पुरावेत.

२) लागवडीचे नियोजन करा. कलिंगड, काकडी आणि मधुमका यांसाठी ओढ्यालगतचा किंवा उसाला चिकटलेला तुकडा टाळून वस्तीजवळचा तुकडा निवडावा. ते शक्य नसल्यास ऊस आणि फळपीक यांच्यामध्ये दोन मीटरचा पट्टा स्वच्छ ठेवावा. कोल्ह्याला उघड्यावर येणे नको असते. रब्बी पिकाभोवती करडईच्या दोन-तीन दाट ओळी घेण्याची आपली जुनी पद्धत चांगली आहे.

३) उसाची निगा राखा. लोळलेला ऊस म्हणजे कोल्ह्याला निवारा आणि खाणे एकाच जागी. मोठी बांधणी वेळेवर करावी. खालचे वाळलेले पाचट काढून सरीत टाकावे, म्हणजे फडात उजेड जातो आणि दडण कमी होते.

४) राखणीचे दिवस ठरवा. फळपिकाला धोका मुख्यतः पक्वतेच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत असतो. सर्व शक्ती या दिवसांत लावावी. तयार फळ वेलावर न ठेवता लगेच तोडावे. दिवा, डबा, बुजगावणे यांना कोल्हा चार दिवसांत सरावतो, म्हणून त्यांच्या जागा दोन-तीन दिवसांनी बदलाव्यात. राखणीला माणूस आणि कुत्रा यांची जोडी सर्वांत उपयोगी ठरते.

५) कुंपण खालून पक्के करा. कोल्हा तारेवरून उडी मारण्यापेक्षा खालून शिरणे पसंत करतो. पाच फूट उंच कुंपण घालून खाली एक वीत फट ठेवली, तर पैसे वाया गेले असे समजावे. जाळी जमिनीत एक फूट पुरून बाहेरच्या बाजूला वळवावी. सागरगोटा किंवा घायपात यांचे जिवंत कुंपण दाट झाल्यावर चांगले काम देते, मात्र त्याला काही वर्षे लागतात. तोपर्यंत तळाला बाभळीच्या फांद्या रचाव्यात.

सौर कुंपणात क्षणभराचा, ठराविक अंतराने येणारा झटका असतो. त्याने प्राणी घाबरून मागे फिरतो. प्रमाणित यंत्रच घ्यावे. कोल्ह्यासाठी सर्वांत खालची तार जमिनीपासून १५ सें.मी. वर असावी आणि तारेखालचे गवत सतत कापावे, नाहीतर झटका कमी होतो. वन विभागाच्या जन-वन विकास योजनेतून अशा कुंपणासाठी साहाय्य देण्यात आले आहे. आपले गाव त्यात बसते का, याची वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी.

आता एक हिशोब पाहा. २० गुंठ्यांचा चौरस तुकडा सुमारे ४५ मीटर बाजूचा असतो, म्हणजे घेर १८० मीटर. असे चार शेजारी वेगवेगळे कुंपण करतील तर एकूण ७२० मीटर लागेल. चौघांनी लागून असलेले चार तुकडे मिळून एकच कुंपण केले, तर बाजू ९० मीटर आणि घेर ३६० मीटर होतो. खर्च निम्म्यावर येतो आणि रात्रीची राखण चौथ्या दिवशी वाट्याला येते. लहान शेतकऱ्याला परवडणारा हाच मार्ग आहे.

६) कोंबड्या आणि शेळ्या रात्री बंदिस्त ठेवा. खुराड्याचा तळ जमिनीपासून उंच असावा, जाळी बारीक आणि कडी पक्की असावी. दिवस मावळण्यापूर्वी कोंबड्या आत घ्याव्यात. करडे पहिले दोन-तीन महिने रानात एकटी सोडू नयेत. मेंढपाळ बांधव रात्री कोकरांना वाघरीत ठेवून भोवती कुत्री सोडतात, ते शास्त्रशुद्धच आहे.

पिसाळलेल्या कोल्ह्याची काळजी

कोल्ह्यालाही रेबीज होतो. भर दिवसा वस्तीत येणारा, माणसाला न भिणारा आणि दिसेल त्याला चावणारा कोल्हा पिसाळलेला समजावा. त्याच्या मागे काठ्या घेऊन धावू नये. मुले व जनावरे आत घेऊन वन विभागाला कळवावे. चावा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद काहीही लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी आणि सर्व मात्रा पूर्ण कराव्यात. जनावर चावले गेल्यास पशुवैद्यकांना दाखवावे. राखणीच्या कुत्र्याला दरवर्षी लस टोचावी.

शेळी-मेंढी मारली गेल्यास ती जागेवरून हलवू नये आणि पुरू नये. वनरक्षक किंवा वनपाल यांना ४८ तासांच्या आत, शक्यतो त्याच दिवशी कळवून पंचनामा करून घ्यावा. नुकसानभरपाई देय असलेल्या प्राण्यांच्या यादीत कोल्ह्याचे नाव आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

बंधूंनो, कोल्ह्यावर औषध नाही. त्याला बंदोबस्त आहे. येत्या हंगामात एवढेच करा. पहिल्या फुटलेल्या फळापाशी विषाचा डबा न नेता आधी माती सारखी करून माग पाहा, आणि शेजाऱ्यालाही तो माग दाखवायला बोलवा. कुंपणाचे बोलणे तेथूनच सुरू होईल. आमच्या वडिलांना आणि त्या शेजाऱ्याला हे सुचायला दोन वर्षे आणि दोन कुत्री लागली. तुमची तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच हे बोलणे.