घरची भाषा आणि वाचनाची पूर्वतयारी



पालकसभेत अनेक माता संकोचाने म्हणतात, "गुरुजी, आम्हांला लिहितावाचता येत नाही, घरी मुलाला काय शिकवणार?" हा संकोच आपणच दूर करावयास हवा. अक्षर डोळ्यांपुढे येण्यापूर्वी ते कानी पडावे लागते, आणि कान घडविण्यास पाटी लागत नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) निरक्षर होत्या. चिरंजीव सोपानदेव प्रभृतींनी लिहून ठेवलेली त्यांची कविता १९५२ साली ग्रंथरूपाने आली. हे त्या मातांना अवश्य सांगावे.

शब्दांच्या भेंड्या घ्या. भाजी निवडता निवडता आई म्हणते 'घर', मूल म्हणते 'रस', आई म्हणते 'सकाळ'. आणि मूल अडते! 'ळ'ने आरंभ होणारा शब्द मराठीत सापडत नाही, तेव्हा 'ल' चालवून घ्यावयाचा, असे ठरते. शब्दाचे शेवटचे अक्षर कानाने वेगळे काढणे ही वाचनाची पूर्वतयारीच होय. घरी बळेच गिरवून घेतलेल्या बाराखडीपेक्षा मी तिचे मोल अधिक मानतो.

घरी 'पानी' म्हणणारे मूल वहीतही 'पानी' लिहिते. स्वतःच्या बोलण्यातील ध्वनी त्याने अचूक टिपलेला असतो. त्यास गावंढळ म्हणून हिणविले, तर ते वर्गात बोलणेच सोडून देते. 'ण' सावकाश शिकविता येईल. मिटलेले तोंड पुन्हा उघडणे कठीण.

येत्या पालकसभेत प्रगतिपत्रके वाटण्याआधी मातांबरोबर भेंड्यांचा एक डाव खेळावा. वडील मंडळी दाराशी उभी असतील, त्यांनाही आत बसवावे.