तापलेले इंजिन आणि धातूची सहनशक्ती
(आबिड्स, हैदराबाद येथे मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वैशाखातील भर दुपारी आबिड्सच्या चौकात एखादे वाहन वाफ ओकत बंद पडले, की सारा दोष उन्हाला दिला जातो. हा आरोप अर्धाच खरा आहे. बाहेरची हवा ४२ अंश सेल्सिअसपर्यंत तापली, तर रेडिएटरचे काम अवघड होते, हे निश्चित. परंतु सिलिंडरमध्ये पेटणाऱ्या वायूचे तापमान क्षणभर २,००० अंशांच्याही वर जाते. खरा प्रश्न ऋतूचा नसून, ही उष्णता वेळीच बाहेर टाकली जाते की नाही, हा होय.

तापलेले भाग वितळतात म्हणून निकामी होतात, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वितळण्याची पाळी क्वचितच येते. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. मात्र पिस्टनसाठी वापरल्या जाणाऱ्या त्याच्या मिश्रधातूचे बळ ३०० अंशांच्या आसपासच बरेच घटलेले असते. शिवाय ॲल्युमिनियम ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे पिस्टन व सिलिंडर यांच्यामधील बारीक फट नाहीशी होते, तेल पातळ होऊन त्याचा थर तुटतो आणि पिस्टन जाम होतो.

दुसरे कारण थकव्याचे. इंजिन रोज तापते व रोज निवते. सिलिंडर हेडचा एक भाग अधिक प्रसरण पावतो, दुसरा कमी. या ओढाताणीतून व्हॉल्व्हच्या बैठकांमध्ये केसाएवढी चीर पडते व ती वाढत जाते. तिसरे कारण तप्त वायूतील ऑक्सिजनचे. तो एग्झॉस्ट व्हॉल्व्हचा पृष्ठभाग हळूहळू खात राहतो.

चौथे कारण सर्वांत फसवे आहे. ग्रंथांच्या ओझ्याने घरातील फळी वर्षानुवर्षे मधोमध वाकत जाते, तद्वत तप्त धातू कायमच्या ताणाखाली कणाकणाने लांबत जातो. तंत्रज्ञ यास क्रीप म्हणतात. विमानाच्या जेट इंजिनातील टर्बाइनची पाती याच संकटात असतात. तेथील वायू पात्यांच्या धातूच्या वितळणबिंदूहूनही अधिक तप्त असू शकतो. म्हणून पात्यांच्या पोकळीतून हवा खेळवून ती थंड राखावी लागतात. धातूचे तापमान अपेक्षेहून दहा-वीस अंशांनी वाढले, तरी पात्याचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते.

या प्रश्नाचे एक उत्तर याच शहरात शोधले गेले आहे. साधा धातू असंख्य सूक्ष्म कणांचा बनलेला असतो आणि क्रीपच्या चिरा बहुधा या कणांच्या सीमांवर जन्म घेतात. सीमाच नसतील, तर चिरांचे हे जन्मस्थानच नाहीसे होते. या तत्त्वावर कांचनबाग येथील संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेने निकेलच्या मिश्रधातूपासून एकस्फटिकी पाती घडविली. अशी ६० पाती हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सला पुरविल्याचे एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाले. अशा मिश्रधातूंचे उत्पादन करणारे मिश्र धातू निगमही १९७३ पासून याच नगरात आहे.

बसच्या वा मोटारीच्या चालकाला मात्र एकस्फटिकाची गरज नाही. त्याला दक्षतेची गरज आहे. कूपनलिकेचे जड पाणी रेडिएटरमध्ये भरल्यास आत क्षारांचा थर साचतो व उष्णतेची वाट अडते. म्हणून उत्पादकाने सांगितलेलेच शीतकद्रव्य वापरावे. पंख्याचा पट्टा व तेलाची पातळी नियमितपणे तपासावी. तापमापकाचा काटा चढताच वाहन कडेला घेऊन इंजिन बंद करावे. तप्त रेडिएटरचे झाकण उघडू नये. उसळणारी वाफ चेहरा भाजून काढते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये, हेड तडकते.

धातू एकाएकी दगा देतो असे वाटते. प्रत्यक्षात तो बराच काळ सोसत असतो आणि काट्यावाटे, वासावाटे, आवाजावाटे इशारा देत असतो. तो इशारा वेळेवर ओळखला, तर इंजिन वाचते. आणि भर उन्हात, निर्जन रस्त्यावर, मुलाबाळांसह अडकून पडण्याचा प्रसंग प्रवाशांवर येत नाही.