तिसरं मूल कुणाचं?

विज्ञानकथांतल्या युद्धांत मुलं सर्रास लढतात. त्यांच्या आया कुठे असतात, एवढंच मी शोधत होते. ऑर्सन स्कॉट कार्ड या अमेरिकन लेखकाची 'एन्डर्स गेम' ही १९८५ची कादंबरी घ्या. तिथे कायद्याने दोनच मुलं. एन्डर तिसरा, सरकारच्या परवानगीने जन्मलेला. अट एकच, लायक ठरला तर तो लष्कराचा. सहाव्या वर्षी अधिकारी दारात येतो, तेव्हा आईला नाही म्हणायची सोय नाही. तिची संमती गर्भ राहतानाच घेऊन झालेली! आधी कूस ताब्यात, मग मूल.

युद्धशाळेत मुली अगदी थोड्या. अधिकारी त्याचं खापर उत्क्रांतीवर फोडतो. (मला हसूच आलं.) शेवटी सराव म्हणून खेळवलेली लढाई खरी निघते, आणि या पोराच्या हातून एक अख्खी परकी जमात संपते. समोरच्याचं मन ओळखणारा, पण फसवता येणारा सेनापती त्यांना हवा होता.

ही झाली कथा. संयुक्त राष्ट्रांच्या २०००च्या करारानेही अठराखालच्यांना प्रत्यक्ष लढाईत उतरवण्याला विरोध केला, पण सरकारी सैन्यात सोळाव्या वर्षी 'स्वेच्छेने' भरतीची वाट उघडी ठेवली. त्यासाठी आईबापांची किंवा कायदेशीर पालकांची संमती लागते. त्यात आईची सही असलीच पाहिजे, असं मात्र कुठे लिहिलेलं नाही.