विजेची गाडी घेताना जादा पैसे कशावर घालाल?



घरात विजेची कार घ्यायचं ठरलं असेल, तर शोरूमला जाण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: रोजचे किलोमीटर आणि वीजबिलावरचा मंजूर भार.

टाटा टियागो 2022 साली विजेवर आली, ती दोन बॅटऱ्यांत. एकीत 19.2 युनिट वीज मावते, दुसरीत 24. कर्जत-खोपोली एवढंच जाणं-येणं असेल तर लहान पुरते. नेरळहून माथेरानचा घाट रोज चढायचा असेल तर मोठी बघा. चढाला बॅटरी भराभर उतरते, उतारावर थोडीच परत भरते. सीट कव्हर, टेप नंतरही बसवता येतात. बॅटरी नंतर वाढवता येत नाही.

आता चार्जर. साधा 3.3 किलोवॅटचा, रात्रभरात गाडी भरतो. जलद 7.2 किलोवॅटचा, तो जादा पैशांचा. गाडी रात्री दारातच उभी राहत असेल तर घाई कशाला? साध्यालाही घरचा भार कमी पडत असेल, तर आधी महावितरणकडे भार वाढवून घ्या. आमच्याकडच्या पावसात अर्थिंग पक्कं हवंच.

हप्ता आपल्याच घरातून जाणार. तेव्हा सही करण्याआधी तो कागद पुन्हा वाचा.