अकलूजची तांबडी वाइन

जोगेश्वरीच्या बाजारांत फाल्गुन-चैत्रांत गृहिणी जीं हिरवीं, लांबट, बिनबियांचीं द्राक्षें पारखून घेतात, तीं या वाइनच्या कामाचीं नव्हेत. वाइनचें द्राक्ष दिसावयास अगदींच सामान्य : दाणा लहान, साल जाड, आंत बिया. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रसहि रंगहीनच असतो; रंग आणि तुरटपणा दोन्ही सालींत असतात. म्हणून तांबड्या वाइनसाठीं रस सालींसह आंबवितात. औषध म्हणून घरोघरीं ठाऊक असलेलें द्राक्षासव तें हें नव्हे. आणि वाइन म्हणजे मद्य नव्हेच, असें जें अलीकडे सांगण्यांत येतें, तेंहि खरें नाहीं. तिच्यांत शेंकडा 12 ते 14 मद्यार्क असतो.

सोलापूर जिल्ह्यांतील अकलूज हें गांव ऊस व सहकारी साखर कारखाना यांमुळें महाराष्ट्रास परिचित आहे. त्याच परिसरांत, मोटेवाडी, गारवाड व निमगांव येथील माळांवर, 2006-07 च्या सुमारास वाइनच्या द्राक्षांची लागवड सुरू झाली. भागीदार तीन घराण्यांतील भावांच्या जोड्या : अकलूजचे रणजितसिंह व अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल व गौरव सेखरी आणि इटलीचे आंद्रेआ व अलेस्सिओ सेच्ची. इटालियन भाषेंत भावांना ‘फ्रातेल्ली’ म्हणतात, तेंच संस्थेचें नांव. सातवे गृहस्थ पिएरो मासी, टस्कनींतील अनुभवी वाइनकार. म्हणून त्यांच्या श्रेष्ठ तांबड्या वाइनला ‘सेत्ते’, म्हणजे सात, असें नांव पडलें. कल्पना फार मोठी नव्हे, पण हिशेब चोख आहे! सांजोवेझे व काबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांचें हें मिश्रण. पहिलें टस्कनीचें, आंबटसर व तरतरीत. दुसरें मूळचें फ्रान्सचें, त्यानें वाइनला अंग आणि तुरटपणा येतो. पुढें ती ओक लाकडाच्या पिंपांत मुरवितात.

परंतु टस्कनीचा वेल अकलूजला आणणें म्हणजे त्याचें पंचांगच उलटें करणें होय. तिकडे हिंवाळ्यांत वेल झोपीं जातो, तेव्हां एकदांच छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत द्राक्षें उतरतात. दख्खनच्या उन्हांत वेलास अशी झोप नाहीं. ती कात्रीनें आणावी लागते. एप्रिलांत खरड छाटणी करून नव्या काड्या तयार करावयाच्या. पावसाळ्यांत पीक धरावयाचें नाहीं, कारण ओलाव्यानें केवडा व भुरी हे रोग बळावतात. पाऊस ओसरतांना गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्यें. थंडीच्या दिवसांतील स्वच्छ ऊन व गार रात्री यांमुळें साखर वाढते आणि आंबटपणाहि अगदींच लोपत नाहीं.

हा उद्योग राज्याच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानें फोफावला. उत्पादन शुल्कांत सवलत मिळाली, कारखाने निघाले, शेतकऱ्यांनीं, विशेषतः नाशिककडे, उत्साहानें वेल लावले. 2008 ची मंदी आली आणि खरेदीदार हटले. जानेवारी 2022 मध्यें मोठ्या दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां व्यसनाच्या भयानें विरोध उसळला. तें भय पोकळ नव्हतें. पण शेतकऱ्याची अडचण निराळीच आहे. बाजार पडला तर खाण्याच्या द्राक्षाचा बेदाणा करतां येतो. वाइनच्या द्राक्षास ना फळबाजार, ना बेदाण्याची शेड. कारखान्याच्या फाटकाखेरीज त्यास वाट नाहीं. लागवडीनंतर पुरें पीक येण्यास तीनएक वर्षें लागतात. मंदीनंतर अनेकांनीं असे भरांत आलेले वेल मुळासकट उपटून टाकले.